टॅली येते, कोरल येते. मग नोकरी का येत नाही?

आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी अभ्यासिका भरते. गेली काही वर्षे आम्ही तिथे बसतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेला माणूस म्हणून वस्तीतले आईबाप पोरांना आमच्याकडे पाठवतात आणि विचारतात, "याला आता काय करायला लावायचं?" आमचे उत्तर ठरलेले असायचे. तलाठ्याची जागा निघाली, फॉर्म भर. पोलीस भरती निघाली, पळायला लाग. काहीच निघाले नाही तर अभ्यास चालू ठेव, निघेल.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बी.कॉम. झालेली एक मुलगी समोर येऊन बसली. म्हणाली, "दादा, मला तलाठी नाही व्हायचं. मला अकाउंटंट व्हायचंय. त्याला काय काय यावं लागतं ते सांगा." तिच्या मागे फ्लेक्सच्या दुकानात काम करणारा एक पोरगा उभा होता. तो म्हणाला, "आणि मला डिझायनर. बॅनरवाला नाही, डिझायनर."

खरे सांगायचे तर आमच्याकडे उत्तर नव्हते. वर्ण, जात, वर्ग, भांडवल यांवर आम्ही दोन तास बोलू शकतो. पण एखाद्या कंपनीच्या हिशोबाच्या टेबलावर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय काम चालते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ज्या समाजाला नोकऱ्यांची एवढी गरज आहे, त्या समाजाच्या कार्यकर्त्याला नोकरी म्हणजे काय काम, हे माहीत नसावे? त्या रात्री ही गोष्ट मनाला लागली. मग आम्ही तिघांनी ठरवले की जे नोकरी देतात त्यांनाच जाऊन विचारायचे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. सीएंची कार्यालये, वाळूजचे छोटे कारखाने, एक ट्रान्सपोर्टवाला, दोन छापखाने, एक जाहिरात एजन्सी. कुणी दारातूनच परत पाठवले, कुणी चहा पाजून तासभर बोलले. जे कळले ते इथे लिहितो, कारण आपल्या प्रत्येक विहाराच्या फळ्यावर ते लिहिलेले असायला हवे.

हिशोबाच्या टेबलावर

पहिली गोष्ट ही कळली की "टॅली येते" या वाक्याला बाजारात आता किंमत नाही. ते सगळेच म्हणतात. तीन महिन्यांच्या कोर्सचे प्रमाणपत्र प्रत्येकाच्या फायलीत असते. मालकाला विचारायचे असते ते वेगळेच. महिन्याच्या सात तारखेला आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस भरायचा असतो, अकरा तारखेला जीएसटीआर-१ जातो, पंधरा तारखेला पीएफ आणि ईएसआयसी, वीस तारखेला जीएसटीआर-३बी. हे कॅलेंडर तुझ्या डोक्यात आहे का? तारीख चुकली तर व्याज आणि लेट फी मालकाच्या खिशातून जाते. म्हणून तारखा पाळणारे माणूस त्याला आधी हवे असते.

दुसरी गोष्ट जुळवणीची. बँकेचे स्टेटमेंट आणि आपले बँक खाते दर महिन्याला जुळवता येते का? दिलेला चेक अजून वटलेला नाही, बँकेने परस्पर चार्जेस कापलेत, एखाद्या गिऱ्हाइकाने न सांगता पैसे टाकलेत, हे सारे शोधून काढता येते का? तसेच खरेदीच्या बिलांचे. माल विकणाऱ्याने त्याचे रिटर्न भरले की ते बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटते. त्याने भरलेच नाही तर आपण मोजलेल्या कराची वजावट अडकते. म्हणजे अकाउंटंटने दर महिन्याला यादी काढून फोन करायचा असतो, "साहेब, तुमचं अमुक नंबरचं बिल दिसत नाहीये." हा फोन नम्रपणे, पण पैसे सुटेपर्यंत करता येणे हेसुद्धा कौशल्य आहे. कॉलेजात ते कुणी शिकवत नाही.

तिसरी गोष्ट एक्सेल. व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विचारल्या गेल्या. एका सीए बाईंनी आमच्या मुलीला विचारले, "ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशोब बरोबर का?" मुलगी "हो" म्हणाली. बाई म्हणाल्या, "नाही. नोंदच राहून गेली असली तरी तो जुळतो. दुरुस्तीचा खर्च मशिनरीच्या खात्यात टाकला तरी जुळतो. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असल्या तरी जुळतो." मग त्यांनी तिला एक युक्ती शिकवली. फरक येत असेल आणि त्या फरकाला नऊने भाग जात असेल, तर आधी आकड्यांची अदलाबदल शोध. 54 च्या जागी 45 लिहिले गेले की फरक 9 चा येतो. ही युक्ती पुढे आमच्याच अंगावर आली, ते नंतर सांगतो.

रंगाच्या टेबलावर

डिझायनरकडे कुणी टक्के विचारले नाहीत. सगळ्यांचा प्रश्न एकच, "काम दाखव." आमच्या पोराने मोबाईलमधले शंभरेक बॅनर दाखवले. वाढदिवस, निवड, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली. एजन्सीतला माणूस हसला नाही, पण म्हणाला, "शंभर नको, दहा दाखव. आणि प्रत्येकाच्या खाली लिही, गिऱ्हाइकाला काय हवं होतं, तू काय विचार केलास, मग हे असं का झालं." तेव्हा पोराला कळले की पोर्टफोलिओ म्हणजे चित्रांचा ढीग नव्हे. आपण विचार कसा करतो, हे त्यातून दिसले पाहिजे.

छापखान्यातले प्रश्न आणखी खाली उतरणारे होते. छापायच्या फोटोचे रिझोल्युशन किती हवे? हातात धरून वाचायच्या कागदाला 300 डीपीआय लागते, लांबून पाहायच्या फ्लेक्सला त्याहून पुष्कळ कमी चालते. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड सोडलास का? फाईल पाठवताना अक्षरे कर्व्हमध्ये बदललीस का, की आमच्या कॉम्प्युटरवर तुझा फॉन्ट नसला की सगळ्याचा चुराडा? श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो का? फोटोशॉपमध्ये देवनागरी टाईप करताना जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते, तेव्हा कोणते सेटिंग बदलायचे? आणि शेवटचा प्रश्न, "शुद्धलेखन येतं का?" मराठी जाहिरातीत "आशीर्वाद"मधली वेलांटी चुकली तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, पुन्हा छापायला लावते.

त्या छापखान्यात आमच्या पोराला एका जुन्या कोड्याचे उत्तर मिळाले. दरवर्षी आमच्या जयंतीच्या बॅनरचा निळा रंग छापून आला की जांभळा दिसायचा. आम्ही फ्लेक्सवाल्याशी भांडायचो. कुणी म्हणायचे, मुद्दाम करतात. छापखान्यातल्या म्हाताऱ्या मशीनमनने सांगितले, "पडद्यावरचा निळा प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. तुम्ही निळी शाई शंभर आणि गुलाबी शाईपण शंभर टाकता. जांभळा होणारच. गुलाबी तीस-चाळीसने खाली आणा." इतकी वर्षे ज्याला आम्ही कारस्थान समजत होतो, ते आमचेच अज्ञान होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. आपल्या चळवळीत प्रत्येक जांभळ्या रंगामागे शत्रू शोधायची सवय झाली आहे. काही ठिकाणी शत्रू असतो. काही ठिकाणी फक्त शाई जास्त झालेली असते. फरक ओळखायला शिकावे लागते.

जे विचारले जात नाही

आणि काही ठिकाणी खरोखरच शत्रू असतो. तेही सांगितलेच पाहिजे.

एका कार्यालयात मुलीने सगळी उत्तरे दिली. बँकेची जुळवणी करून दाखवली. समोरचा माणूस खूश दिसत होता. मग त्याने बायोडाटा परत उचलला, आडनावावर बोट ठेवले आणि विचारले, "मूळ गाव कुठलं? वडील काय करतात? राहता कुठल्या भागात?" तिने वस्तीचे नाव सांगितले. त्याने फाईल मिटली. "कळवतो." आजतागायत कळवलेले नाही. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "दादा, यातला कुठला प्रश्न टॅलीचा होता?"

हा एका मुलीचा अनुभव म्हणून कुणी झटकून टाकू नये. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित आणि मुस्लिम नावाच्या उमेदवारांना पुढच्या पायरीवर बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या उमेदवारापेक्षा कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा, कंपन्यांच्या भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यासही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असे अधिकारी सांगत. पण मुलाखतीत कुटुंबाची पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत. जातीचे नाव न घेता जात विचारायची ही रीत आहे.

"कौशल्य असेल तर जात आड येत नाही" असे आम्हाला सभ्य भाषेत सांगणारे मित्र खूप आहेत. त्यांना आम्ही बाबासाहेबांचे उदाहरण देतो. 1918 साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या आधी त्यांनी शेअर बाजारातल्या गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, विषयावरची पकड निर्विवाद. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईना आणि व्यवसाय बंद पडला. कौशल्यात काय कमी होते? पुढे 1925 ते 1928 या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. म्हणजे मुंबईतले होऊ घातलेले हिशोबनीस कायदा शिकायला ज्यांच्यासमोर बसत, ते बाबासाहेब होते. 1953 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत खास वाणिज्य शाखेचे सिद्धार्थ कॉलेज उभे केले. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला हिशोबाची ताकद ठाऊक होती. ती आम्ही विसरलो आणि फक्त तलाठ्याच्या जागेकडे पाहत बसलो.

थोडे मागे जाऊ. गावगाड्यात हिशोबाचे दप्तर कुणाकडे होते? कुलकर्ण्याकडे. महाराने गावाची हद्द दाखवायची, सरकारी सारा खजिन्यापर्यंत पोचवायचा, पण नोंद करायची नाही. पैसा डोक्यावरून न्यायचा, वहीला हात लावायचा नाही. पिढ्यानपिढ्या आमच्या माणसांनी दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्याखाली अंगठा उमटवला. म्हणून आमच्या वस्तीतली मुलगी जेव्हा लेजर उघडते, तेव्हा ती फक्त नोकरी मागत नसते. जी वही आम्हाला शिवू दिली नाही, ती ती हातात घेत असते.

आमच्याच घरचा हिशोब

आता नऊच्या युक्तीकडे येतो. सगळीकडे एकच प्रश्न येत होता, "अनुभव आहे का?" अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. तेव्हा आम्हाला सुचले की अनुभव द्यायला मालक कशाला हवा? जयंती मंडळ आहे की! वर्गणी येते, मंडप, साउंड, फ्लेक्स, भोजनदान, सगळे व्यवहार होतात. मंडळाचे हिशोब मुलगी लिहील, सगळी डिझाईन पोरगा करील, दोघांच्या फायलीत खरे काम जमा होईल.

मुलीने पावतीपुस्तके मागवली, व्हाउचर केले, रोजकीर्द टॅलीत उतरवली. पंधरा दिवसांनी हातातली रोकड आणि पुस्तकातली रोकड यांत 2,700 रुपयांचा फरक आला. ती म्हणाली, "नऊने भाग जातो." तासाभरात सापडले. मंडपवाल्याला दिलेले 6,300 रुपये कुणीतरी 3,600 लिहिले होते. वस्तीतल्या बायकांनी तिच्याकडे त्या दिवशी ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही विसरणार नाही.

पण नंतर तिने एक यादी वाचली. बिले नसलेल्या खर्चांची. त्यात 3,200 रुपयांची एक रक्कम होती. पाहुण्या वक्त्यांचा प्रवास आणि जेवण. खर्च केला होता आम्ही. बिल घेतले नव्हते. पैसे खाल्ले नव्हते, हे खरे. पण कागद नव्हता, हेही तेवढेच खरे. भर बैठकीत ती म्हणाली, "दादा, तुमचं व्हाउचर राहिलंय."

मंडळातले दोन ज्येष्ठ भडकले. "एवढीशी पोरगी कार्यकर्त्याला हिशोब विचारते? आम्ही चळवळीत हयात घालवली." आम्हालाही राग आला होता. तोंडावर आणला नाही, एवढेच. घरी येऊन विचार केला. सरकारने पै-पैचा हिशोब द्यावा, अनुसूचित जातींसाठीचा निधी कुठे वळवला ते सांगावे, असे आम्ही मोर्चात ओरडतो. आणि स्वतःच्या 3,200 रुपयांचा कागद मागितला की मान दुखते? दुसऱ्या दिवशी आम्ही वक्त्यांकडून प्रवासाची तिकिटे मागवली. 1,850 रुपयांचा पुरावा मिळाला. उरलेले 1,350 रुपये आम्ही स्वतःच्या खिशातून मंडळात भरले. मुलीने पावती फाडून दिली. ती आमच्याकडे जपून ठेवली आहे.

दुसरा हिशोब पोराचा निघाला. त्याने बॅनर, निमंत्रण, व्यासपीठाची मागची बाजू, चौदा दिवसांच्या पोस्ट, सगळे केले. रंग यंदा निळाच आला. आम्ही पाठ थोपटली. मुलगी म्हणाली, "मंडपवाल्याला पैसे दिले, साउंडवाल्याला दिले, डिझाईनचं बिल कुठे आहे?" सगळे गप्प. समाजाचे काम आहे, पोरगा आपला आहे, असे कुणीतरी पुटपुटले. आम्हीही इतकी वर्षे हेच म्हणत आलो. समाजकार्याच्या नावाखाली पोरांचे श्रम फुकट घेणे आणि वेठबिगार यांत अंतर किती, हा प्रश्न आम्ही समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचला होता, विहारात विचारला नव्हता. त्या वर्षापासून डिझाईनचे पैसे ठरले. कमी ठरले, पण कागदावर ठरले. पोराने आयुष्यातले पहिले बिल आमच्या मंडळाच्या नावाने केले.

सम्यक आजीव

नोकरी देणाऱ्यांना आणखी एक कौशल्य हवे असते, ते कुणी जाहिरातीत लिहित नाही. तोंड बंद ठेवण्याचे. मुलीला एका ठिकाणी काम मिळत होते. दुसऱ्या दिवशी तिला माल न येताच आलेली बिले टाकायला सांगितली. ती घरी आली आणि म्हणाली, "काय करू?" घरात पैशांची नड होती. आम्ही उपदेश केला नाही. पोट ज्याचे त्याला कळते. फक्त एवढे सांगितले की खोट्या बिलावर घेतलेल्या कर वजावटीची चौकशी आली तर मालक सांगेल, नोंद हिने केली. 2023 च्या एप्रिलपासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद केव्हा बदलली याचा माग राहतो, तो पुसता येत नाही. तिने ते काम सोडले. पोरानेही एकदा दुसऱ्या धर्माच्या लोकांना शिव्या देणारे पोस्टर करायला नकार दिला आणि एक गिऱ्हाईक गमावले.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. विहारात आम्ही ती दर पौर्णिमेला म्हणतो. तिचा अर्थ या दोघांनी आम्हाला शिकवला. उपजीविका अशी असावी की जिच्या नोंदी कुणालाही दाखवता येतील.

आज मुलगी एका ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात काम करते. मुलाखतीला तिने प्रमाणपत्र दाखवले नाही, जयंतीच्या हिशोबाची फाईल ठेवली. मालकाने तिला आडनाव विचारले नाही, असे नाही. विचारले. पण फाईल मिटली नाही. पोरगा अजून फ्लेक्सच्या दुकानातच आहे. रात्री दहा कामांची फाईल तयार करतो. आतापर्यंत सात झाली आहेत.

म्हणून बांधवांनो, आमचे म्हणणे दोन वाक्यांचे आहे आणि ती दोन्ही एकत्र वाचावीत. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आम्ही एक पाऊलही मागे घेत नाही, कारण आडनावावर बोट ठेवून मिटलेली फाईल कौशल्याने उघडत नाही. आणि ती मागणी मान्य होईपर्यंत आमच्या पोरांनी बँक जुळवायला, ब्लीड सोडायला, बिल फाडायला शिकलेच पाहिजे, कारण जिथे फाईल उघडी राहील तिथे आत काहीतरी असायला हवे.

सुरुवात विहारापासून करा. येत्या जयंतीचा जमाखर्च विहाराच्या दारावर लावा. तो लिहायला वस्तीतल्या वाणिज्य शाखेच्या पोरांना बसवा. बॅनर करणाऱ्याला पैसे द्या आणि त्याच्याकडून बिल घ्या. आणि ती मुलगी तुमच्याकडे व्हाउचर मागेल तेव्हा रागावू नका. शोधून द्या.

जय भीम!